आचाऱ्याचा आचार्य

मला कुणाचाही आवाज काढता येतो. आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत मी एकदा हेडमास्तरांच्या आवाजात माइकवरून अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केली होती. नंतर खऱ्या हेडमास्तरांनी ऑफिसात उभं केलं, तेव्हा "चूक झाली" हे पण त्यांच्याच आवाजात निघालं तोंडातून. मुद्दाम नाही, सवयीनं. चाकणला कंपनीत लागलो तर पंधरा दिवसांत शिफ्ट सुपरवायझर बसला गळ्यात, मग बसचा ड्रायव्हर, मग कँटीनमधला वाढपी. जेवणाच्या सुट्टीत पोरं फर्माइश करायची.

एकच आवाज मला कधी काढता आला नाही, कारण तो मी ऐकलाच नाही. आणि खरं सांगतो राव, मला तेवढाच ऐकायचा होता.

त्याची सुरुवात एका बाणापासून झाली. मी क्वालिटीत आहे, पहिल्या शिफ्टला. साडेतीनला सुटलं की बसनं रहाटणीला खोलीवर, हातपाय धुवायचे आणि लॅपटॉप उघडायचा. सुपरवायझरला सगळ्या सूचना आणि ट्रेवरच्या चिठ्ठ्या मराठीत छापून हव्या होत्या, म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहीत होतो. ज्या भाषेत लिहीत होतो ती फुकट मिळते. कुणा एकाची नाही ती. जगभरातली माणसं मिळून तिची डागडुजी करतात, आणि कुणीही दुरुस्ती पाठवू शकतं. त्या दुरुस्तीला पॅच म्हणतात, म्हणजे आपलं ठिगळ. ते आधी कुणीतरी तपासतं, मगच शिवलं जातं.

तर आपण काही चुकलो की ही भाषा ती ओळ दाखवते आणि खाली एक छोटा बाण काढते, चूक इथं आहे म्हणून. ओळीत मराठी शब्द असले की बाण भलतीकडेच. चूक पिंपरीत, बाण रहाटणीत. मी तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, इंग्रजीत. निरीक्षण बरोबर आहे, दुरुस्त करून बघणार का? नावाच्या जागी तीन अक्षरं आणि फोटोच्या जागी राखाडी चौकोन. बास, एवढीच ओळख.

माझं ठिगळ चार ओळींचं होतं. ते नऊ वेळा परत आलं.

आता आमच्याकडं कंपनीत काय असतं, भोकात गेज घालायचा, म्हणजे मापाची कांडी. गेला तर पास, नाही गेला तर लाल ट्रेमध्ये. पार्टला कुणी विचारत नाही, बाबा रे, तू असा का झालास. हा माणूस विचारायचा. चूक आहे असं एकदाही म्हणला नाही. ही ओळ इथंच का? ही काढली तर काय बिघडेल? मी चिडून ओळ काढायचो आणि काहीच बिघडायचं नाही. म्हणजे ओळ फुकटची होती. एकदा तर फक्त एवढंच की शेवटी एक मोकळी जागा जास्त राहिलीय. मोकळी जागा. जी दिसतसुद्धा नाही.

आणि मी प्रत्येक उत्तराची सुरुवात करायचो 'सर' म्हणून. वही तपासणारे सर असतात, हे आम्हाला पहिलीपासून शिकवलेलं. बाण सरळ झाला, पण मला चटक लागली. मी दुसऱ्या चुका शोधायला लागलो, खरं तर ते प्रश्न यावेत म्हणून. बसमध्ये ते आठवून आठवून वाचायचो, आणि आवाज नव्हता म्हणून उसने द्यायचो. आधी हेडमास्तरांचा दिला, पण तो फार रागीट निघाला. मग सुपरवायझरचा, तो फार घाईत. शेवटी घरमालकांचा बरा बसला.

आमचे घरमालक मूळचे रहाटणीचेच. शेतीच्या जागी आता खोल्या आहेत आणि ते दिवसभर पायजमा-बनियनवर जिन्यात खुर्ची टाकून बसतात. एका दुपारी मी मोठ्यानं वाचत होतो, "व्हय, पन ही वळ हितंच का?" मागं बघतो तर दारात साक्षात मालक. रागावले नाहीत. कुणाला दाखवतोयस एवढंच विचारलं. मग मला सगळं ठिगळपुराण सांगावं लागलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी तू त्याला वळखत न्हाईस, त्यो तुला वळखत न्हाई, आन् रोज तुझं ठिगाळ उसवून बघतुय," ते म्हणाले. "सोयरीक-बियरीक जुळवायचीय का काय?"

मी हसलो आणि परत लॅपटॉपकडं वळलो.

दोन वर्षं अशी गेली. मग एक वेगळंच ठिगळ आलं, माझं नाही, लांबच्या कुणाचं तरी. लिहिताना काही खुणा अशा असतात की त्या डोळ्यांना दिसत नाहीत. अक्षरं कशी जोडायची तेवढं त्या सांगतात. त्या माणसाचं म्हणणं, असल्या न दिसणाऱ्या खुणांच्या आड लोक लबाडी लपवतात, तर भाषेनं त्या सरसकट काढून टाकाव्यात. ऐकायला बरोबर होतं. चार जणांनी होकार दिला. आणि मग राखाडी चौकोनानं माझं नाव घेऊन विचारलं, ही लिपी तू रोज लिहितोस, यानं कुठं काही दुखावतं का?

मला असं नाव घेऊन कुणी काही विचारत नाही. कंपनीत तर नंबर असतो. मी हातातला चहा तसाच ठेवला आणि कँटीनसाठी छापलेली सूचना त्या ठिगळातून काढून बघितली. आत घातलं होतं, 'आचाऱ्यांनी डोक्याला टोपी घालावी.' बाहेर आलं, 'आचार्यांनी डोक्याला टोपी घालावी.'

मी एकटाच हसत बसलो. मग नीट समजावून लिहिलं. सर, आमच्यात अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात. एक पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढून बसतो, दुसरा त्याच्या आधी आडवा पडून राहतो. माझ्या कीबोर्डवर त्या दुसऱ्याला ती न दिसणारी खूण धरून ठेवते. खूण काढली की तो उडी मारून डोक्यावर. आचारी म्हणजे स्वयंपाकी, आचार्य म्हणजे मोठा गुरू. या ठिगळानं आमचा डाळ ढवळणारा माणूस गुरुकुल चालवायला लागलाय.

दुसऱ्या दिवशी बसमध्येच उत्तर आलं. वर नेहमीसारखं इंग्रजीत, की हे ठिगळ थांबवूया. त्याच्या खाली एक ओळ होती, देवनागरीत.

"आणि दऱ्यांचा दर्या होतो. घाटात उभं राहिलं की समुद्र दिसेल. हे मी पार विसरले होते."

आधी वाटलं, यंत्राकडून भाषांतर करून घेतलं असेल. मग 'पार' वाचलं. यंत्र असलं 'पार' लिहीत नाही. मग शेवटचा शब्द वाचला. विसरले. परत वाचला. इंग्रजीनं दोन वर्षं काही कळू दिलं नव्हतं, मराठीनं एका मात्रेत सांगून टाकलं. मी त्या बाईला हेडमास्तर केलं होतं, सुपरवायझर केलं होतं, मालकांच्या मिशा लावल्या होत्या. आणि शंभर वेळा सर. एका मोकळ्या जागेसाठी ठिगळ परत पाठवणारी बाई, तिनं ते सर एकदाही खोडलं नव्हतं.

खोलीवर पोचेपर्यंत मी माफीचे सहा मसुदे केले. तिनं साधं लिहिलं, वही तपासणाऱ्याला सर म्हणतात हे मलाही माहीत आहे, मी तिकडच्याच शाळेतली. वडील पिंपरीला कारखान्यात होते. मी शिकून परदेशात गेले ती गेलेच. आता घरात मराठी बोलणारं कुणी नाही.

त्यानंतरचे ते काही आठवडे. काय सांगू. न दिसणाऱ्या खुणा वाचवणारं योग्य ठिगळ तिनं स्वतः लिहायला घेतलं होतं. त्याची चर्चा वर सगळ्यांसाठी इंग्रजीत चालायची, आणि प्रत्येक उत्तराखाली माझ्यासाठी एक ओळ मराठीत. कधी विचारायची, पिंपरी कॅम्पातल्या बाजारात अजून दिवाळीआधी चालायला जागा नसते का? कधी, कारखान्यांचे भोंगे अजून वाजतात का, आम्ही त्यावर घड्याळ लावायचो. मी सांगायचो, भोंगा गेला, आता अंगठा लावायचं मशीन आहे, ते थँक यू म्हणतं. दिवसभर मशीनवर पार्ट तपासताना मी तिला सांगायच्या गोष्टी गोळा करायचो. साडेतीनची इतकी वाट मी पगाराच्या दिवशीपण बघत नव्हतो.

मग एका गुरुवारी तिनंच लिहिलं, लिहून फार लांबतंय, रविवारी फोनवर बोलूया का?

मला इतका आनंद झाला की माझ्याच्यानं गप्प बसवेना. मला आनंद झाला की मी विनोद करतो, हा माझा जुना रोग. मी लिहिलं, बोलाच तुम्ही, मला सगळ्यांचे आवाज येतात, दोन मिनिटांत तुमची हुबेहूब नक्कल करून ऐकवतो.

शनिवारी उत्तर आलं.

"फोन नको. बोलायला गेले की माझं मराठी अडखळतं आणि भलतीकडेच वळतं. त्याची नक्कल फार सोपी आहे, भाच्यांनी करून दाखवली आहे. लिहिताना निदान थांबता येतं. इथंच बरं."

मी तसं म्हणायचं नव्हतं, असं लिहिलं. मी कुणाला हसत नाही, ज्याचं बोलणं आवडतं त्याचंच घेतो, असं लिहिलं. ते खरंच आहे, पण नंतर लिहिलं की सारवासारवीसारखं दिसतं. "अरे, राहू दे," एवढं आलं. त्यापुढची उत्तरं पूर्ण इंग्रजीत. खालची ओळ बंद झाली.

रविवारी मी फोन चार्ज करून समोर ठेवून बसलो होतो, उगीचच. मालक जिन्यातून म्हणाले, कुनाचा फोन येनार हाय? मी म्हणलं, कुणाचा नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आपली खुर्ची माझ्या दाराशी सरकवली आणि बसून राहिले.

पुढच्या महिन्यात तिनं सगळ्यांसाठी चार ओळींची नोंद टाकली. बरीच वर्षं झाली, आता तपासणीचं काम थांबवतेय, सगळ्यांचे आभार. तिची ती तीन अक्षरं पूर्वीच्या लोकांच्या यादीत गेली. खाली लोकांनी फुलं-बिलं टाकली. मी काही टाकलं नाही, सुचलं नाही. आमच्या लिप्यांचं काम तपासायला आता कुणीतरी हवं होतं, आणि जाता जाता तिनंच माझं नाव सुचवलं होतं. कळवलं मात्र दुसऱ्या कुणीतरी.

तिचं ते शेवटचं ठिगळ तसंच राहिलं होतं. इतरांचे वाद मिटले होते, पण लिपी वाचणाऱ्या एकाचा होकार हवा होता. तपासणारा म्हणून माझं नाव लागलं.

रीत अशी आहे की तपासणाऱ्यानं प्रश्न विचारला की ठिगळ पाठवणाऱ्यानं उत्तर द्यायचं. यादीतून नाव गेलं तरी आपलं काम आपण पुरं करून द्यायचं, ती तर करणारच. म्हणजे मला फक्त एक चूक हवी होती. एक चूक, एक प्रश्न, आणि ती परत येणार. कदाचित खाली एखादी ओळ.

मी तीन दुपारी शोधली. एकेक ओळ काढून बघितली, आणि जी काढली तिनं काहीतरी बिघडलंच. एक फुकटची ओळ नव्हती. मोकळ्या जागासुद्धा मोजल्या. शेवटी शब्दांची यादी होती, खुणा टिकतात का हे तपासायला. शब्दकोशातून कुणीही काढले असते, पण हे काही तसे नव्हते. पायऱ्या. शेजाऱ्यांकडे. दोऱ्या. भाकऱ्या. लाकडाच्या मोऱ्या... तिथं थांबलो, म्हणलं सापडली चूक, मोरी कुठं लाकडाची असते. मग बघितलं तर 'लाकडाच्या' वेगळ्या ओळीत होता, दुसऱ्याच तपासणीतला. मीच घाईत जोडून वाचलं होतं. दोऱ्या म्हणजे कपडे वाळत घालायच्या असणार. तिनं पिंपरीच्या कुठल्याशा चाळीतून आठवत आठवत एकेक खाली मांडलं होतं, आणि मी त्यात चूक शोधत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी मी एक प्रश्न टाइप केला. दिसायला हुशार होता. उत्तर मला आधीच माहीत होतं. बोट बटणावर होतं राव, नुसतं दाबायचं होतं. चांगलं काम मुद्दाम अडवायचं आणि वर त्याला तपासणी म्हणायचं. दोन वर्षांत तिनं माझं काम असं एकदाही अडवलं नव्हतं.

प्रश्न खोडला. होकार दिला. खाली लिहिलं, "ताई, सगळं बरोबर आहे."

यंत्रानं सगळे शब्द एकेक करून तपासले, सगळे पास झाले, आणि ठिगळ शिवलं गेलं. तिच्या अक्षरांपुढं आता एकही काम बाकी नाही, असं पानावर आलं. बरोबर कामाला कुणाला उत्तर द्यावं लागत नाही, हे मला माहीत होतं. तरी दिवेलागणीपर्यंत मी ते पान बंद केलं नाही.