तिरप्या बाहीची चोळी

मादाम क्लेर गेल्याचं मला शिवऱ्याला कळलं. मामांकडं गेले होते. सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवून सांगितलं, "यमुताई, तुमच्या मडमबाई सकाळी गेल्या." मी "बरं" म्हणाले आणि त्याच मोटारीत बसले. भोरला पोचेपर्यंत लोकांनी माती दिली होती. महिना उलटून गेला, पण त्या दिवशी आलेला थकवा अजून अंगातून जात नाही.

माझे वडील भोरात शिंपीकाम करत. मी विधवा होऊन माहेरी परतले, त्याच सुमारास ही फ्रेंच बाई आमच्या शेजारी राहायला आली. नवरा धरणावरच्या यंत्रांच्या कामासाठी आलेला, तो तापानं दगावला. बाई परत गेली नाही. पॅरिसमधलं तिचं कपड्यांचं दुकान बहीण सांभाळत होती. दुकान म्हणजे आपल्याकडचं नव्हे. पोरवयात दुसऱ्याच्या दुकानात टाचण्या वेचणाऱ्या मुलीनं पुढं स्वतःच्या नावाची पाटी लावली, आणि उमरावांच्या बायका, नाटकातल्या नट्या एकेका झग्यासाठी तिच्याकडं ताटकळू लागल्या, असं ते दुकान. कापड तिरपं बेतलं की अंगावरून पाण्यासारखं उतरतं. त्या बेतण्यासाठीच तिचं नाव झालं होतं. हे सगळं ती आमच्या ओट्यावर बसून, भोरात शिकलेल्या मराठीत, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगायची.

मग लढाई आली. पॅरिस पडलं, तिथं बहीण वारली, दुकानाला कुलूप लागलं. माझ्याबरोबर परकर-पोलकी शिवून बाईनं दिवस काढले. लढाई संपल्यावर तिची एक जुनी गिऱ्हाईक पुण्यात उतरली होती, तिनं बोलावून घेतलं. मीही सोबत गेले. भाषा कळेना, पण ती श्रीमंत बाई हात धरून विनवत होती आणि आमची बाई मान हलवत होती, एवढं कळलं. परतीच्या मोटारीत मी विचारलं.

"ती म्हणते, दुकान परत उघडू. नाव माझंच लावणार."

"मग जा की."

"तिथं आता सगळं बदललं, यमू. परत पहिल्यापासून... मी लई दमले गं."

घरी आल्यावर तिनं कात्री हातात धरली नाही. नुसती खिडकीशी बसून असायची. मला वाटलं, हे माणूस आता उठत नाही.

अशात पासलीहून ठकू धनगरीण आली. चुलीवर पडून तिचा खांदा, दंड भाजलेला. कातडी आखडून हात वर होईना. चोळी चढवताना जीव जायचा, म्हणून ती नुसता पदर गुंडाळून राही, चारचौघांत जात नसे.

"मडमबाई, भावाचं लगीन हाय," ती दारातूनच म्हणाली. "करवली मीच. अशी कशी जाऊ?"

बाईनं तिचा खांदा निरखून बघितला. मग उठली, दार लोटलं, त्या खांद्याला तेल लावलं आणि जुन्या लुगड्याचा तुकडा ठकूच्या अंगावरच बेतायला लागली. बाही तिरपी कापली. खांद्यावर शिवण न घालता बंद लावले, म्हणजे हात वर न करताच चोळी घालता यावी. कितीदा उसवली, कितीदा शिवली... ठकूनं ती घातली आणि सवयीनं दात आवळून थांबली. मग हळूच म्हणाली, "कुठं बोचत न्हाई."

बाईनं कात्री खाली ठेवली. "पॅरिसात माझ्या झग्यात मावायला बायका उपाशी राहायच्या," ती म्हणाली. "मला त्याचा अभिमान होता."

ती चोळी बघून वेल्ह्याकडच्या बायका येऊ लागल्या. कुणाला कुबड, कुणाचा हात लुळा, कुणाचं पोर अंगावर पिणारं. बाई शेवटपर्यंत शिवत राहिली, पण जुना हुरूप काही परत आला नाही. एकेक चोळी संपली की भिंतीला टेकून डोळे मिटायची. तशीच एका सकाळी टेकली...

परवा तिची खोली आवरायला घेतली. काय ठेवावं, काय टाकावं, ठरेना. तेवढ्यात दाराशी उत्रोलीची एक बाई आली. दिवस भरत आलेले, हातात खण.

"मडमबाई हायत न्हवं?"

मी सांगितलं. ती उंबऱ्यावरच बसली. मग तिनं खण माझ्याकडं सरकवला.

"तुमी बघाल का?"

माझे हात उचलवत नव्हते, तरी मी खण घेतला.

"ये," मी म्हणाले, "अशी उजेडात उभी राहा."