अळूतली तार

रविवारी सकाळी दहाला आमच्या घराची कडी आतून लागायची. बाबा आणि त्यांचे तीन मित्र पुढच्या खोलीत रेकॉर्ड ऐकायला बसत. एक बाजू संपेपर्यंत कोणी उठायचं नाही, बोलायचं नाही, असा बाबांचा नियम होता. चहा मिळायचा तोही बाजू उलटताना. पेठेतलं भाड्याचं घर सोडून आम्ही बिबवेवाडीला तळमजल्यावर राहायला आलो, तरी हे तिघे दोन बस बदलून यायचे. बाबा निवृत्त झाले होते. सोमवार उजाडला की ते पुढच्या रविवारची रेकॉर्ड निवडायला बसत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यातली एकच हौस केली. नवा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, पत्र्याच्या पेटीतला, तीन पिनांचा. आणि गाण्यामागे एक घरघर सुरू झाली. गवयाचा आवाज बारीक झाला की ती वर यायची. पहिल्या रविवारी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या रविवारी एका काकांनी बाजू संपल्यावर विचारलं, "गाणं उत्तम आहे. दळण अजून किती वेळ चालेल?" तिसऱ्या रविवारी त्यांचे गुडघे दुखायला लागले. चौथ्या रविवारी दुसऱ्या काकांकडे अचानक पाहुणे आले. तिसरे काका आले, पण सारखे घड्याळ बघत होते.

"आता निरोप पाठवतो, येऊ नका म्हणून," बाबा त्या दुपारी म्हणाले. "लोकांना एवढ्या लांबून घरघर ऐकायला कशाला बोलवायचं? रेकॉर्डही देऊन टाकतो कुणाला तरी."

ते चिडून बोलले असते तर मी भांडले असते. पण ते अगदी साधेपणाने बोलले, आणि तेच मला सहन झालं नाही. "एक रविवार द्या मला," मी म्हटलं. "आणि तिघांनाही बोलवा."

मी तेव्हा हडपसरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. मालाबद्दल शंका आली की दोष सापडेपर्यंत तो पुढे सोडायचा नाही, हे माझं काम होतं आणि स्वभावही. माझं लग्न जमत नाही याचं खापर आई याच स्वभावावर फोडायची.

सोमवारी पेटी पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेली. तिथे ती अगदी मुकी. दुकानदाराने दोन वेळा वाजवून दाखवली आणि म्हणाला, "ताई, तिसरी पिन मोडून टाका. घरघर जाते. निम्म्या पुण्यात मोडलेल्या आहेत."

"निम्मं पुणं अजून जिवंत आहे, हे नशीब," मी म्हटलं आणि पेटी परत आणली.

घरी चुकून हे बोलून गेले, तर बाबा पक्कड घेऊनच आले. मी पेटीच्या आडवी उभी राहिले. "पत्र्याची पेटी आहे, बाबा. आत काही बिघडलं तर वीज त्या पिनेतून जमिनीत जाते. पिन नसली तर तुमच्या हातातून जाईल."

"मला अर्थिंग शिकवू नकोस. या घराचं अर्थिंग मी स्वतः केलंय."

"मग पिन मोडायला का निघालात?"

बाबा मागे सरले. पक्कड मी माझ्या कपाटात कुलपात ठेवली.

मंगळवार ते शनिवार मी रोज संध्याकाळी स्पीकरला कान लावून बसले. घरघर होती, पण इतकी बारीक, की पंखा लावला तर ऐकूही येऊ नये. पंखा, ट्यूब, फ्रिज एकेक बंद करून पाहिलं. काही फरक नाही. मग रविवारीच असं काय होतं? गुरुवारी मला वाटलं, या तीन काकांनाच वायरी लावून तपासावं.

रविवारी सहाला उठले आणि दर अर्ध्या तासाने ऐकून वहीत लिहीत गेले. सहाला बारीक. आठला बारीक. नऊला बारीक. साडेनऊला घरघर भरून आली आणि पावणेदहाला ऐन जोरात. बाबा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते. मी तडकून मागच्या अंगणात गेले, कुणावर तरी ओरडायलाच हवं होतं.

तिथे आई दगडावर चादरी बडवत होती. रोजचे कपडे घरात धुतले जात, चादरी-गोधड्या मात्र रविवारी अंगणात. पाण्याचा लोट तिच्या अळूच्या वाफ्यात जात होता. अळूच्या देठांमधून एक हिरवी पडलेली तांब्याची तार वर आली होती आणि पुढच्या खोलीच्या खिडकीतून आत गेली होती.

बाबांचं अर्थिंग ते हेच! जुन्या रेडिओला जमिनीत पुरलेली तार लागायची. घर बदललं तेव्हा बाबांनी आधी बंबाचं तांब्याचं झाकण अळूत पुरलं, मग सामान लावलं. रेडिओ गेला, पण तार टाकून कशी द्यायची, म्हणून त्यांनी ती रेकॉर्ड प्लेअरला बांधली. नवी पेटी आली ती भिंतीतलं दुसरं अर्थिंग घेऊन. एका यंत्राला जमिनीकडे दोन वाटा झाल्या, आणि वीज त्या दोन वाटांमधून गोल फिरत घरघर करत होती. वाफा कोरडा असला की थोडी, भिजला की भरपूर.

मी आत पळाले आणि प्लेअरची तार सोडली. घरघर गेली. जोडली. आली. पुन्हा सोडली. "आई, अजून एक बादली ओत अळूत!" मी ओरडले. तिने ओतली. स्पीकर गप्प. मला एकदम रडू आलं.

तेवढ्यात तिघे काका आले, दुखऱ्या गुडघ्यांसकट. बाबांनी सोडलेली तार हातात घेतली, बघितली, आणि तिची नीट गुंडाळी केली. "माझीच चूक," म्हणाले. पुण्यात हे वाक्य मी फारसं ऐकलेलं नाही.

काय झालं ते बघायला आई ओल्या हातांनी मधल्या दारात आली होती. मी सहज विचारलं, "चादरी नेमक्या याच वेळेला का काढतेस गं?"

"अगं, खिडकीखाली बसलं की सगळं ऐकू येतं," ती म्हणाली. "दहाच्या आत बडवून घेते. गाणं सुरू झालं की नुसतं खळबळायचं, म्हणजे आवाज होत नाही."

 आठवडाभर मी बाबांचा रविवार वाचवायला धडपडत होते, आणि इतकी वर्षं त्याच गाण्यासाठी कुणी दगडाशी बसतंय हे मला दिसलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

बाबांनी आतून एक खुर्ची आणली आणि आपल्या खुर्चीशेजारी ठेवली. "बस."

"अहो, चादरी पिळायच्या राहिल्यात."

"बाजू संपेपर्यंत उठायचं नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांनी कडी लावली.