उन्हात सुकलेली साखर

वडिलांना मधुमेह निघाला तेव्हा आमच्या घरात पहिली गदा भातावर आली, मग चहातल्या साखरेवर, मग सणाच्या लाडवांवर. सुकेळ्यांवर मात्र कुणी बंदी घातली नाही. आगाशीच्या आमच्या वाडीतली राजेळी केळी सोलायची, आठवडाभर उन्हात सुकवायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधून ठेवायची, हे काम आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. "वरून साखरेचा कण घातलेला नाही, मग साखर वाढेल कशी?" वडील विचारायचे. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते पटायचं. दुकानातली मिठाई म्हणजे विष, आपल्या वाडीतलं ते औषध.

मी राहते जवळच, बोळिंजला. रोज सकाळी स्कूटरवरून वडिलांकडे एक फेरी ठरलेली. या हिवाळ्यात त्यांच्या पायाच्या अंगठ्याला खुरपं लागलं आणि जखम काही भरेना. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, साखर आटोक्यात आली नाही तर अंगठा काढावा लागेल. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. ऑफिसात बसले तरी मनात तेच, आता काय खात असतील? दुपारपर्यंत तीन फोन.

"बाबा, पोहे किती खाल्ले?"

"मोजले नाहीत."

"मग उद्यापासून मोजा."

माझं डोकं फिरायचं आणि ते शांत. याचाच जास्त राग यायचा.

दोन आठवड्यांत ते पार मलूल झाले. बसल्या जागी पेंगायचे, तांब्याभर पाणी प्यायले तरी तहान भागत नव्हती. "अंगात जीवच नाही गं," म्हणाले. मला वाटलं, मीच यांना उपाशी मारलं, साखर उतरली. थकवा आला म्हणजे साखर कमी झाली, हे माझ्या डोक्यात कुणी भरवलं देव जाणे. साखर तपासायचं यंत्र समोर टेबलावर होतं. पण पट्टी लावा, बोट टोचा, एवढा धीर कुठला मला? फडताळातून सुकेळ्यांची पुडी काढली.

"नको," ते म्हणाले. "अंगठ्याचं ऐकल्यापासून मी हात लावला नाही."

"औषध समजून खा," मी दरडावलं. चार दिवस माझ्या हातानं भरवली. निघताना संध्याकाळची वेगळी काढून ठेवली. मलूलपणा वाढला तशी आणखी दोन दिली.

पाचव्या दिवशी दवाखान्यात बोट टोचलं. डॉक्टरांनी आकडा दोनदा पाहिला. मग म्हणाले, साखर एवढी चढल्यामुळंच हा थकवा, ही तहान. काय खात होता?

मी तोंड उघडण्याआधीच वडील म्हणाले, "सुकेळी. पोरीच्या नकळत. जीभ ऐकत नाही, काय करणार."

डॉक्टरांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. वर मला म्हणाले, "तुम्ही एवढी धावपळ करता आणि हे असे." मी फाइल छातीशी धरून उभी होते. एकच वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही.

अंगठा काढावा लागला. भेटायला कुणीही आलं की वडील हसत सांगतात, जिभेचे चोचले भोवले. मी स्वयंपाकघरात चहा गाळत ऐकते. जिवाची तगमग होते, लाज वाटते, आणि तरीही त्यांचं सांगून होईपर्यंत मी चहा घेऊन बाहेर येत नाही.