मत गावाला, घर दिघ्यात

आबा, म्हणजे माझे वडील, मतदानाच्या आदल्या दिवशी बुटांना पॉलिश करायचे. एरवी लग्नालासुद्धा चपला घालून जाणारा माणूस! गावाकडचा उमेदवार इकडच्या मतदारांसाठी गाडी धाडायचा, ती दिघ्याच्या नाक्यावर लागायची आणि आबा नवरदेवासारखे खिडकीत जाऊन बसायचे. राहायचं नवी मुंबईतल्या दिघ्यात, मत कोकणातल्या गावात. नाव इकडे आणा म्हणून मी किती कानीकपाळी ओरडले. उपयोग शून्य.

इंग्रजांच्या काळात मुंबईत कौन्सिल, म्हणजे तेव्हाची विधानसभा, भरायचं. आमच्या अख्ख्या जिल्ह्यातून बोटांवर मोजण्याइतके मेंबर जायचे, तेही वकील नाहीतर जमीनदार. मत ठरावीक शेतसारा भरणाऱ्यांनाच. त्या मतदानाची दवंडी माझ्या पणजोबांनी पिटली, मतपेटी डोक्यावरून तालुक्याला नेली, पण चावडीच्या ओट्यावर त्यांना पाय ठेवू दिला नाही. आता गावाचं मतदान त्याच चावडीत होतं.

"माज्या आज्याला जिथं चढू दिलं नाय, तिथं मी बूट घालून चढतो," आबा म्हणायचे. "ते मत मी हलवनार नाय."

गेल्या वर्षी आमच्या बिल्डिंगवर नोटीस लागली. बांधकाम अनधिकृत. कारखान्यात राबून आबांनी घेतलेली एक खोली, तेवढीच आमची इस्टेट. आम्ही इथल्या आमदाराच्या ऑफिसात गेलो. पायातलं बाहेर काढायला लावलं. आतल्या कार्यकर्त्यानं पहिलं काय विचारावं?

"काका, मतदान कुठं तुमचं?"

आबांनी छाती काढून गावाचं नाव सांगितलं.

"मग साहेब काय करनार? तिकडच्या आमदाराला बोला ना."

आमच्या बिल्डिंगमधले बहुतेक गावाकडचेच, सगळ्यांचं उत्तर तेच. तिकडच्या आमदाराला फोन लावला. "तुम्ही मुंबईवाले, तुमचं काम तिकडंच व्हायचं," म्हणाला आणि ठेवला.

बिल्डिंग पाडताना आबा समोरच्या फुटपाथवर बसले होते, मांडीवर बुटांचं खोकं घेऊन. मला त्या खोक्याचाही राग आला.

आता दिघ्यातच भाड्यानं राहतो. पुन्हा निवडणूक लागली, पुन्हा त्याच आमदाराची गाडी. मी तोंड सोडलं.

"ज्यानं फोन आपटला त्याची गाडी, आबा! लाज नाही वाटत?"

ते ब्रश फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्याला कोन मत देतोय? पन जाऊ दे मला. घर तर गेलं. त्या ओट्यावर पाय ठेवतो ना, तेवडंच आता माजं म्हनायला उरलंय."

मी त्यांची पिशवी घेऊन नाक्यावर गेले. गाडी उभीच होती. आत आमच्या पाडलेल्या बिल्डिंगमधली माणसं बसलेली. कुणीतरी सरकून आबांना खिडकीची जागा दिली.