पेडलवर आईचा पाय

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक इंग्रजी गाडी कितीतरी वर्षं ताडपत्रीखाली उभी होती आणि तिचं नाव घरात कुणी काढत नसे. दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला टेकलेली, लांब नाकाची, हिरवी. आईच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या आज्जांचं, उद्यमनगरात गॅरेज होतं. कुठल्याशा मोठ्या घरानं भंगारात काढलेली ती गाडी आज्जांनी उचलली, चालती केली आणि आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या आपल्या जावयाला देऊन टाकली, कारण असल्या गाडीत बसायची हौस आख्ख्या गोतावळ्यात फक्त बाबांनाच होती. राजारामपुरीत आमच्या गल्लीत ती शिरली की रिक्षावालेसुद्धा मान वळवून बघायचे. बाबा अशा वेळी, ऊन असो-नसो, गॉगल घालायचे.

ती ताडपत्रीखाली गेली ती गगनबावड्याच्या घाटामुळं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट, मी शाळेत होते. आई-बाबा दोघंच कोकणात एका लग्नाला निघाले होते. घाट सुरू व्हायच्या आधीच ब्रेकचं पेडल मऊ पडायला लागलं. आई गॅरेजात वाढलेली. बाबांच्या गुडघ्याकडं बघूनच तिला कळलं की हे पेडल दोन-दोनदा मारतायत. ती म्हणाली, थांबा. बाबा म्हणाले, काही होत नाही. पुढच्या वळणावर ती परत म्हणाली, थांबा. बाबांनी नुसतं हसून दाखवलं. त्यानंतरच्या उतारावर पेडल तळाला जाऊन बसलं. उजवीकडं दरी होती, डावीकडं डोंगर. बाबांनी गाडी डोंगराच्या पुढं आलेल्या खडकावर घातली, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. पण डावीकडं आई बसली होती. तिचा हात मोडला, गाडीचं डावं पुढचं चाक आत दुमडलं, आणि बाबांना साधं खरचटलंही नाही. हे सगळं मला बाबांनीच सांगितलं, एकदाच, भिंतीकडं तोंड करून.

आईचा हात जुळला. ती बाबांना एका शब्दानं बोलली नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटायचं, कारण भांडण कधीतरी संपतं तरी. तिनं एवढंच केलं की बाबा चालवत असतील त्या कुठल्याही गाडीत बसायचं सोडून दिलं. स्कूटरवरसुद्धा. एकाच घरातून एकाच लग्नाला दोघं निघायची, बाबा स्कूटरवर आणि आई सिटी बसनं, आणि मांडवाच्या दारात भेटायची. पाहुण्यांना हे विनोदी वाटायचं. मला त्या पाहुण्यांचा मनस्वी राग यायचा.

दोन हजार साल उलटून गेल्यावर बाबा निवृत्त झाले. मी तोवर डिप्लोमा करून शिरोलीच्या एका फौंड्रीत नोकरीला लागले होते. एका रविवारी ताडपत्री ओढल्याचा आवाज आला आणि मी तणतणत मागं गेले. ती गाडी विकून टाका, नाहीतर मी रविवारची घरी थांबणार नाही, असं काहीबाही बोलायचं मनात होतं. बाबा दुमडलेल्या चाकापाशी मांडी घालून बसले होते. त्यांनी माझ्याकडं न बघता पाना पुढं केला. मी तो घेतला. राग असा हातातून निसटून जातो हे मला त्या दिवशी समजलं.

पुढचं वर्षभर प्रत्येक सुट्टीत आम्ही तिथंच. आईचे भाऊ, म्हणजे आमचे मामा, आज्जांचं गॅरेज चालवायचे, तेही येऊन बसायचे. पुढची स्प्रिंग काढायची तेव्हा बाबांनी सगळ्यांना लांब उभं केलं. स्वतः बनवलेल्या लांब आट्यांच्या दोन बोल्टांनी ती धरून ते एकेक फेरा सोडत होते. इतकी वर्षं गाडी जागची हलली नव्हती, तरी ती स्प्रिंग तशीच दबून, तशाच तयारीत बसलेली होती. निसटली असती तर पत्रा फोडून गेली असती. ती पूर्ण मोकळी होऊन बाबांच्या मांडीवर आली तेव्हा मी तिला हळूच हात लावला. रोज फौंड्रीत वितळलेलं लोखंड बघणारी मी, मला ते गार लोखंड जास्त जिवंत वाटलं.

चाकाला धरणारे वाकलेले आर्म सरळ करून घेतले, स्प्रिंगांना उद्यमनगरात तापवून पुन्हा पाणी दिलं, ब्रेकचे ड्रम लेथवर घासून आणले. सांध्यांत बसणारे रबरी बुश काही केल्या मिळेनात. शेवटी बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं, तो बिद्रीच्या साखर कारखान्यात फिटर होता, जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचे जाड तुकडे आणून दिले आणि त्यातून आम्ही एकेक बुश कापून, घासून बसवला. ते घासताना हाताला जो वास लागायचा तो जेवतानाही जायचा नाही.

पण मला खरं वेड लावलं ते ब्रेकनं. मी डिप्लोमाला हे सगळं शिकले होते, पेपरात उत्तरंही लिहिली होती, पण पहिल्यांदा हातात घेतलं ते इथं. एवढी मोठी गाडी, ती थांबते कशानं, तर दोन-चार कप चहाएवढ्या तेलानं. तेल दबत नाही. पायानं जे सांगितलं ते नळीतून चाकापर्यंत जसंच्या तसं पोचतं, वाटेत कुणी त्यातलं काही खात नाही. मात्र नळीत हवा शिरली की संपलं. हवा दबते. पाय सांगत राहतो आणि चाकाला ऐकूच जात नाही. बाबा हे समजावून सांगताना मधेच कापसाच्या बोळ्यानं नळीचं तोंड पुसत बसले.

आई शेडमध्ये येत नसे. चहा आणायची, उंबऱ्याबाहेरच्या पालथ्या बादलीवर ठेवायची आणि जायची. एकदाच ती तिथं रेंगाळली. जगातली प्रत्येक वस्तू डिझेलमध्ये धुवायची असते असा मामांचा पक्का समज. त्यांनी ब्रेकच्या सिलेंडरमधल्या नव्याकोऱ्या रबरी वाट्याही डिझेलमध्ये धुऊन वाळत ठेवल्या होत्या. आई उंबऱ्यावरूनच म्हणाली की ते रबर फुगलंय, आणि गेली. मामा हसले. बाबांनी वाटी सिलेंडरमध्ये घालून पाहिली, ती शिरेना. पुण्याहून दुसऱ्या मागवाव्या लागल्या. नंतर मामा कितीतरी दिवस आईशी माझ्यामार्फत बोलत होते.

इथं आज्जांच्या गॅरेजचा रिवाज सांगायला हवा. आमच्यात गाडीपुढं नारळ फुटत नाही की लिंबू-मिरची टांगली जात नाही. आज्जांनी बौद्ध झाल्यावर ते सगळं सोडलं होतं. पण एक नेम त्यांनी स्वतःच घातला होता. ब्रेकमधली हवा काढताना दोन माणसं लागतात, एक गाडीखाली झोपून चाकाजवळचं निपल, म्हणजे हवा बाहेर काढायची बारीक तोटी, सोडतो आणि दुसरा आत बसून पेडल दाबतो. खालच्याला बुडबुडे दिसतात, पण पेडल खरंच कडक झालं की नाही हे दाबणाऱ्याच्या पायालाच कळतं. म्हणून ज्याच्या पायानं हवा काढली, त्यानं पहिल्या उताराला चालवणाऱ्याच्या शेजारी बसायचं. काम कच्चं असेल तर पहिला तोच जाणार. त्यामुळं आज्जांच्या गॅरेजात पेडलवर पाय ठेवणारा कधी घाईत नसे, असं मामा सांगायचे.

हवा काढायच्या दिवशी पेडलवर मामा बसले होते. मी मागच्या चाकापाशी, निपलला लावलेल्या नळीचं टोक बुडवलेली बाटली धरून होते, बाबा गाडीखाली पालथे-उताणे होत जागा शोधत होते. आई चहा घेऊन आली. तिनं बादलीवर चहा ठेवला आणि गेली नाही. थोडा वेळ उभी राहिली. मग उंबरा ओलांडून आत आली, मामांना हातानंच ऊठ म्हणाली, चप्पल काढली आणि बसली. मामांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. तिला रिवाज ठाऊक नव्हता असं कसं म्हणू? ती त्याच रिवाजात वाढलेली.

खालून बाबा म्हणाले, "धर."

आई म्हणाली, "धरलंय."

गाडीखाली पाना हातातून सुटल्याचा आवाज आला. बाबांनी तो चाचपून उचलला. मग निपल सुटलं, बाटलीत बुडबुडे आले, निपल बंद झालं. सोड, धर, सोड, धर. एकेक चाक करत आम्ही पुढं सरकलो. शेवटच्या चाकाला तेल स्वच्छ यायला लागलं. बाबा म्हणाले, झालं. मीही म्हणाले, झालं, एकही बुडबुडा नाही.

"हवा हाय अजून," आई म्हणाली. "माझ्या पायाला लागतीय."

बाबांनी पुन्हा निपल सोडलं. एकदा, दोनदा काही नाही. मग एक बुडबुडा आला, मोहरीएवढा. तो नळीतून हळूहळू चढत बाटलीत येऊन फुटला. मी आयुष्यात बरंच काही बघितलंय, पण त्या बुडबुड्याइतकं थक्क मला कशानं केलं नाही. गाडीच्या एका टोकाला, नळ्यांच्या जंजाळात अडकलेला तो एवढासा दाणा तिच्या अनवाणी पायाला कळला होता. आणि बाबांनी ऐकलं होतं.

दिवाळीनंतर, घाट कोरडा झाल्यावर, गगनबावड्याला जायचं ठरलं. आई बाबांच्या शेजारी बसली, गुडघ्यावर पर्स, डोक्याला रुमाल. मी मामांच्या मोटारसायकलवर मागं. सपाटीवर गाडी अशी जात होती की रस्त्यातले खड्डे जणू तिच्या गावचेच नव्हते, आणि मला अभिमानानं रडू येत होतं. गगनबावड्यात चहा झाला. मग उतार सुरू झाला.

पहिल्याच वळणावर गाडीचे लाल दिवे लागले आणि गाडी थांबली. काही क्षण उभी राहिली, पुन्हा निघाली. पुढं गेल्यावर परत दिवे लागले, परत थांबली. ब्रेक धरूनच राहतायत, चाकं तापणार, तेल उकळणार, सगळं पुन्हा होणार. मागून ट्रकवाल्यानं हॉर्नचा सपाटा लावला. मी मामांच्या पाठीवर बुक्क्या मारत होते, पुढं घाला म्हणत होते, आणि मामांना वळणावर वाट मिळत नव्हती. गाडी पुन्हा थांबली. ते ठिकाण कुठलं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. डोंगराच्या अंगाला बाबांनी सांगितलेला खडकाचा जो पुढं आलेला भाग होता, त्याच्या हातभर अलीकडं ती सरळ, शांत उभी होती. ट्रक शिव्या देत निघून गेला. मी उडी मारून धावत गेले आणि ओरडलेच, काय बिघडलंय, उतरा दोघंही.

बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"ब्रेकला काय झालं न्हाय," ते म्हणाले. "ही थांबा म्हणती, मी थांबतो."

मी आईकडं बघितलं. ती खडकाकडं बघत होती. मग रुमालाची गाठ घट्ट करून म्हणाली, "चला आता. आता न्हाय म्हणत."

बाबांनी गिअर टाकला नाही. इंजिन नुसतं घुमत राहिलं.

"म्हण की," ते म्हणाले. "खालपर्यंत म्हणत ऱ्हा."

गाडी निघाली. मी रस्त्यातच उभी होते. मामा मोटारसायकल घेऊन माझ्याजवळ आले तोवर ती पुढच्या वळणाला पोचली होती आणि तिथं तिचे लाल दिवे लागले होते.