जवायाच्या शब्दावरचं बी.कॉम.

दिघोरीच्या धुरपताचा राग गावभर माहीत होता, पण तो उगाचचा नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. ज्या घरात सगळे जण "पाहू ना, होईल ना" करत बसतात, तिथं कुणीतरी एक फटकळ निघतंच. केवळरामच्या घरात ती निघाली.

केवळराम म्हणजे तिचा बाप. धानाची बरी शेती, खाऊनपिऊन सुखी, स्वभावानं गरीब गाय. कुणाच्या तोंडावर "नाही" म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. त्या घरात नाही म्हणायचं काम करायचे गोपाळराव, केवळरामच्या मोठ्या बहिणीचे यजमान, भंडाऱ्याचे कापडवाले. घरचा जावई म्हणजे मानाचा माणूस. आला की अंगणात पाट टाकून त्याचे पाय धुवायचे आणि तो बोलेल त्यावर चकार शब्द काढायचा नाही. आता मला सांगा, पाय धुतले म्हणून माणसाला बँकेतलं कळायला लागतं का? पण विचारायचं त्यालाच!

विचारायची वेळ आली ती एकोणऐंशी साली, धुरपता बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा. तिचं मन कधीच ठरलेलं होतं. बापासोबत तालुक्याला बँकेत खातं काढायला गेली होती, तेव्हा काउंटरमागे एक बाई बसलेली तिनं पाहिली. भले भले मिशीवाले तिच्यापुढं टोपी सारखी करत उभे. बसायचं तर इथंच, असं धुरपतानं तिथंच मनाशी पक्कं केलं. मास्तरीण नको, नर्स नको, बँक.

तिनं या आत्याच्या यजमानांनाच, म्हणजे फुफाजींना, विचारलं, "फुफाजी, बँकेत लागाले काय शिकावं लागते?"

गोपाळरावांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "बी.कॉम. त्याच्याबिगर बँकवाले दारात उभं नाही करत."

झालं! हिच्यासारखी तिखट पोरगी, पण जवायाचा शब्द आणखी कुणाला विचारून पाहावा, हे तिच्याही डोक्यात आलं नाही. साकोलीला खोली केली, घरचे तांदूळ नेले आणि कॉमर्स धरलं. डेबिट-क्रेडिट डोक्यात शिरेना तेव्हा पुस्तक भिंतीवर भिरकावलं, पुन्हा उचलून आणलं. मध्येच बँकेची भरती निघाल्याचं कानावर आलं. फुफाजी म्हणाले, "अर्ध्या पदवीवर फारम भरून हसं करून घेतेस का?" तिनं फॉर्म भरलाच नाही. बी.कॉम. झालं की वैशाखात लग्न, हे बापानं आधीच कबूल करून घेतलं होतं. त्या मधल्या फटीत बँकेची एक परीक्षा देता आली तर आली, नाहीतर चूल.

शेवटच्या वर्षाला असताना दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि दुसऱ्या दिवशी मुलगी पाहायला कोंढ्याची मंडळी यायची होती. पंगत बसली. गोपाळरावांचा मुलगा नंदलाल पेढे घेऊन आला होता. बँकेत लागला म्हणे! हा नंदलाल धुरपतासोबतच बारावी झालेला आणि वर्षभरात कॉलेज सोडून उंडारणारा.

धुरपता भात वाढत होती. "तू बी.कॉम. कवा केलं रे?"

"कायचं बी.कॉम.!" नंदलाल हसला. "बारावीच्या मार्कांवर बसलो ना परीक्षेले. तुले तर माह्यापेक्षा जास्त होते."

भाताचं भांडं तिनं असं आदळलं की पंगतीतले सगळे हात थांबले.

"फुफाजी, मले काहून फसवलं?"

आई, गोदावरीबाई, पदर ओढत होती. धुरपतानं पदर हिसडून सोडवला.

"आवाज खाली!" गोपाळराव लालेलाल झाले. "जवायासंग बोलून राहिली तू!"

"जवाई असा नाहीतर देव असा! आपल्या पोराले बारावीवर बसवलं, अन् मले इतके वर्स घोकाले लावलं? लाज नाही वाटली?"

भरल्या पंगतीत लाज काढल्यावर गोपाळरावांना मान राखायचं भान राहिलं नाही. "मले कायले बोलतेस? बापाले विचार तुह्या! मी तर तवाच म्हनलं होतं का पोरगी आत्ताच परीक्षेले बसू शकते. हाच माह्या मागं लागला, म्हने भाऊजी, तुमी बी.कॉम. सांगा, तुमच्या शब्दाबाहेर ती जात नाही."

धुरपतानं बापाकडं पाहिलं. एकदा, फक्त एकदा त्यानं "नाही" म्हणावं म्हणून ती थांबली. केवळराम पत्रावळीतला भात चिवडत राहिला.

"मले पक्कं मालूम होतं तू पास होशील," तो म्हणाला. "म्हनूनच. नोकरी लागली असती, कुठं दूर धाडलं असतं तुले."

फुफाजींवरचा राग तिनं गिळला असता. बापावरचा गिळता येईना.

"तोंडानं नाही म्हटलं असतं तर भांडली असती मी, बाबा. उपाशी राहिली असती, रडली असती. तुमी तर मले भांडूही नाही देल्लं!"

"धुरपता, उद्या पाहुणे येऊन राहिले..."

"मी नाही बसत त्यांच्यासमोर. मी परीक्षेले बसतो. त्यांले तुमी सांगा. नसन जमत तर फुफाजींले सांगाले लावा, सवयच हाय तुमाले!"

सकाळच्या गाडीनं ती साकोलीला गेली. बी.कॉम. पुरं केलं, कारण अर्धवट टाकणं तिच्या रक्तात नव्हतं. बँकेची परीक्षाही दिली आणि पहिल्याच झटक्यात लागली. नेमणूक मिळाली ती खरंच दूर, बापाला भीती होती तितकी दूर. पुढं बदल्या झाल्या, बढती झाली, आपल्या पसंतीनं लग्नही केलं. सणावाराला ती दिघोरीला यायची, आईपाशी बसायची, बापाच्या औषधपाण्याचं पाहायची. यातली प्रत्येक गोष्ट तिनं बापाला वेळच्या वेळी कळवली. विचारलं मात्र एकदाही नाही.