दगडाबाईंचं घोंगडं

दगडाबाईंचं आणि फरशीचं पहिल्या दिवसापासून बिनसलं. माणमधल्या त्यांच्या घरात शेणानं सारवलेली भुई; थंडीतही अनवाणी फिरावं अशी. त्र्याण्णव साली मालक तात्याबा गेले आणि अर्जुननं आईला सांगलीला आणलं, विश्रामबागेत आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये. इथली फरशी तळपायातली सगळी ऊब ओढून घ्यायची. सून पल्लवी मायाळू, पण चहा द्यायची स्टीलच्या पेल्यात. तो पदरात धरून दगडाबाई म्हणायच्या, "भुई गार आन् पेला इस्तू! समदं उलटंच हाय हितं."

एक घोंगडं तेवढं त्यांच्या ओळखीचं. स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं, काळं, टोचरं, दोघांना पुरेल एवढं रुंद. त्या एका कडेला झोपायच्या आणि उरलेलं तसंच मोकळं पसरून ठेवायच्या. थंडीनं कुडकुडायच्या, पण दुहेरी करून घ्यायच्या नाहीत.

"आवं, ती बाजू त्येंची हाय," मला म्हणाल्या.

मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी घटस्थापनेआधी घराघरांत धुणी निघाली. सासूबाई देवळात गेलेल्या बघून पल्लवीनं वाकळा भिजवल्या तसंच घोंगडंही सोडा घातलेल्या कढत पाण्यात बुडवलं आणि खसाखसा चोळलं. म्हातारीला स्वच्छ पांघरूण मिळावं, एवढाच तिचा हेतू. गच्चीवर आम्ही दोघींनी ते झटकलं तेव्हा पोरीचा चेहरा उतरला. घोंगडं आटून निम्मं झालं होतं, जाडजूड आणि ताठ.

दगडाबाई जिना चढून आल्या. त्यांनी घोंगड्यावरून हात फिरवला. पल्लवी रडायलाच लागली. "आई, चुकलं माझं."

"रडू नगंस. लोकरीला गार पानीच लागतं. तुला कोन सांगनार?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

थंडी पडली. एका सकाळी त्या दारात बसल्या होत्या, घोंगडं अंगाभोवती लपेटून. मी विचारलं, "आता थंडी वाजत नाही ना?"

"न्हाई. दाट झालंय, लय ऊब देतंय." मग रिकाम्या फरशीकडं बघत म्हणाल्या, "पर आता एकटीलाच पुरतंय बगा."